हट्ट्याच्या कुरणातली चौकट

डोळे मिटून मी चौकट पाठीमागे फेकली. ती पडल्याचा आवाज आलाच नाही.

आधी चौकट म्हणजे काय ते सांगतो. लाकडाच्या चार पट्ट्या ठोकून केलेला, हातभर लांबी-रुंदीचा चौकोन. कुरणात उभे राहून तो न बघता मागे फेकायचा. जिथे पडेल तिथे आत कोणते गवत जास्त आहे ते लिहायचे. डोळे मिटायचे, कारण उघडे ठेवले तर माणूस मनाजोगती जागा निवडतो. अशा वीस फेकी झाल्या की कुरणाचा अंदाज येतो.

तेव्हा राज्य निजामाचे होते आणि हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. जिल्ह्यातल्या कुरणांची पाहणी माझ्याकडे होती. हिंगोलीकडच्या हट्टा गावच्या कुरणात मारवेल किती, एवढाच प्रश्न होता. मारवेल हे एक गवत नव्हे, ती भावकीच आहे. कांडी गोड, पेरापेरावर पांढऱ्या केसांचे कडे, जनावर मिठाईसारखे खाते. त्याच्या उलट कुसळी. पिकली की तिची कुसळे लोकरीतून मेंढीच्या कातड्यात घुसतात. माझ्या वरच्या साहेबांचा हुकूम असा, की निम्म्याहून जास्त मारवेल निघाली तर कुरण सरकारी घोड्यांसाठी बंद. मग धोंडिबा धनगराच्या बारा घरांची मेंढरे कुठे जाणार, हे हुकमात नव्हते.

पंधरा फेकींत पंधराही वेळा कुसळी निघाली. मला नवल वाटले, कारण चालताना पायाखाली मऊ लागत होते. माझी पत्नी सुमन बाभळीखाली बसून वहीत आकडे लिहीत होती. पदर तोंडात कोंबून ती हसत होती. (हा प्रसंग ती माझ्यापेक्षा चांगला सांगायची. आता मलाच लिहावा लागतो आहे.)

सोळाव्या फेकीला मी एक डोळा उघडून वळलो. धोंडिबाची बायको गयाबाई उडती कोंबडी धरावी तशी चौकट हवेतच झेलून पळत होती. कुसळीच्या ठोंबावर तिने ती अलगद टेकवली.

"गयाबाई, हे काय करून राहिलात?"

"काई न्हाई साहेब. इत्क्या उंचावरून पडली असती, मोडली असती."

"पंधराही वेळा?"

"न्हाई, दोनदा हे होते," तिने नवऱ्याकडे बोट केले. धोंडिबा आभाळाकडे बघू लागला. सुमनच्या हातून वही पडली, आणि मग आम्ही चौघेही गवतात बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

हसू ओसरल्यावर मी हिशेब मांडला. खोटा अहवाल दिला आणि साहेब स्वतः आले, तर माझी नोकरी जाणार, वर कुरणही जाणार. खरा दिला तर नुसते कुरण जाणार.

सुमनने सहज विचारले, "मेंढरं चरतात, तरी एवढं चांगलं गवत राहतं कसं?"

"बी झडूस्तोर आमी मेंढरू आत सोडतच न्हाई, ताई," गयाबाई म्हणाली. "आन हाय तशी, समद्यांनी घेतलेली. ज्यानं सोडलं त्यानं बारा घरांना जेवण घालायचं. बी झडलं का मेंढरं येतात, खुरानं बी मातीत दाबतात."

मी दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडच्या सरकारी बंद कुरणात वीस फेकी केल्या. तिथला कंत्राटदार बी धरण्याआधीच गवत कापून नेई. दोन ठिकाणी मारवेल, बाकी कुसळी. मग धोंडिबाच्या कुरणात पुन्हा वीस, गयाबाईला पाठमोरी बसवून. तेरा मारवेल. दोन्ही आकडे अहवालात लिहिले, कारणही लिहिले: धनगर राखतात म्हणून मारवेल टिकली.

आठ दिवसांनी साहेब घोड्यावरून आले. "मैं खुद फेकूँगा," म्हणाले. डोळे मिटले, फेकली. मारवेल निघाली तरच आता धनगरांचे राखणे खरे ठरणार होते. आणि गयाबाईने चौकट झेलली.

साहेबांनी डोळे उघडले. "ये क्या तमाशा है?"

गयाबाईने चौकट दोन्ही हातांनी पुढे केली. "माफी करा सरकार, आदत पडली. घ्या, परत फेका. आता हात बांधून बसते."

साहेबांनी ओठ दाबले, मिशा हलल्या, आणि ते असे हसले की घोडा दचकला. वीसही फेकी त्यांनी स्वतः केल्या. मारवेल चौदा.

हुकूम निघाला: कुरण धनगरांकडेच राहील, सरकारी घोड्यांना त्यातला तिसरा हिस्सा, तोही बी झडल्यावर कापायचा. बारा घरांनी आम्हाला एक कोकरू दिले. ते सरकारी नोकराला घेता येईना, म्हणून सुमनने घेतले.

तीन वर्षे मी गवताचे शास्त्र शिकलो होतो. कुरण कुणी आणि कसे राखले हे राखणाऱ्याला विचारावे, असे एकाही पुस्तकात नव्हते. त्या हुकमात माझे नाव आहे. प्रश्न सुमनचा होता. त्याची नोंद कुठेच झाली नाही, ती इथे करतो.