झोळीतला वरवंटा

किस्से साठतात ते सोसायटीच्या गच्चीवरच्या भंगारासारखे. मोडकी खुर्ची वर कुणी नेली ते कुणालाच आठवत नाही, पण वर्षभरात तिथं अख्खा दिवाणखाना तयार झालेला असतो! आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तसा एक ढीग माझ्या झोळीचा आहे. झोळी म्हणजे हॅमॉक. दोन टोकं टांगायची, मध्ये माणूस. वस्तू एवढीच, पण ती निवडायला आम्हाला तीन महिने लागले.

आम्ही म्हणजे तिघं. मी, समोरच्या दारातला दामले आणि खालच्या मजल्यावरचा परब. दामले बँकेत आहे आणि रिव्ह्यू वाचल्याशिवाय टूथब्रशही घेत नाही. परब विक्रोळीच्या एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला आहे. टेस्ट न झालेल्या वस्तूवर तो विश्वास ठेवत नाही, माणसावर तर नाहीच.

झोळी हवी होती नीलाला, माझ्या बायकोला. दर उन्हाळ्यात म्हणायची आणि मी 'बघू' म्हणायचो. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून मला पलंगावर झोप लागत नाही. सोफ्यावर पेंगतो, उठतो, परत पेंगतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण एका रविवारी परब माझ्या डोळ्यांकडे निरखून बघत म्हणाला, "विन्या, तू रिजेक्ट पीस झालंस रे! काय तरी करूक व्हया."

दामलेने तिथल्या तिथे मोबाइल काढला. "पलंग नको ना? मग झोळी घे. वहिनींना हवीच होती."

मी 'बघू' म्हणणार होतो. या वेळी ते म्हटलं नाही.

*

पुढच्या रविवारी दामले एक्सेल शीट घेऊन आला. सत्तावीस झोळ्या. कापड, दोरी, किती किलो पेलते, धुता येते का, सगळे रकाने भरलेले.

"हिला पाच स्टार आहेत," तो म्हणाला. "रिव्ह्यू ऐक. 'फार सुंदर वस्तू. अजून बॉक्स उघडलेला नाही.'"

"आणि ही?"

"हिला एकच स्टार. बाई लिहितात, 'नवरा उठतच नाही.'"

शेवटचा रकाना 'धोके' असा होता. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं, अस्वलांच्या जंगलात जमिनीपासून उंच टांगा. दामले पेन चावत म्हणाला, "आपल्याकडे अस्वल नाही, पण नॅशनल पार्क मागेच आहे. बिबट्या लिहू का?"

"अरे, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो!"

"बिबट्या चढतो, यार."

परब शांतपणे म्हणाला, "चढूदे. त्याचं वजन किती? कपॅसिटीत बसतो का तेवढं बघ."

*

टांगायची कुठे ते बघायला परब स्टूल आणि टॉर्च घेऊन बाल्कनीत गेला. घराचं काम काढलं होतं तेव्हा नीलाने तिथे समोरासमोर दोन कड्या बसवून घेतल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "कपडे वाळत घालायला." आम्ही तिथे कधी रुमालही वाळत घातला नाही.

परबने कडी धरून स्वतःचे पाय वर उचलले. कडी हलली नाही. खाली उतरून त्याने टॉर्च पुन्हा कडीवर धरला.

"विन्या, बीममध्ये आरपार रॉड घातलाय. पलीकडून प्लेट लावलीय. धोतर वाळत घालायला कोण एवढं करतं?" मग कडीवर टिचकी मारून म्हणाला, "ह्यो कपड्यांचो हूक न्हय, झिला. ह्यो माणसाचो हूक."

*

पहिली झोळी दामलेच्या यादीतली. दोन्ही टोकांना लाकडी दांड्या, त्यामुळे कापड पलंगासारखं सपाट ताणलेलं. फोटोत एकदम झकास! परबवहिनी व्यवहारी बाई. त्यांनी आधी खाली गादी घातली.

उद्‌घाटनाचा मान दामलेचा. तो अगदी मधोमध, सरळ आडवा झाला, पोटावर हात ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाला, "स्वर्ग आहे रे—"

आणि कढईतलं भजं उलटावं तसा उलटला!

झोळी रिकामी होऊन वर डोलत होती, जणू काही झालंच नाही. परब वाकून म्हणाला, "दामल्या, स्वर्ग खाली असता काय?"

गादीतून आवाज आला, "रिटर्न पॉलिसी बघा."

त्या दिवशी आम्ही पहिली गोष्ट शिकलो. दांडीवाली सपाट दिसते म्हणून घेऊ नये. खोल पोटाची घ्यावी आणि तिच्यात तिरकं झोपावं. दामलेने ते शीटमध्ये लिहिलं, डाव्या हाताने.

*

मग परबच्या डोक्यात जाळ्याची झोळी आली. "दर्याचा माल. तुटणार नाय!" म्हणून आम्ही मार्व्याहून बोटीने मनोरीला गेलो. तिथे एक कोळीणआजी अंगणात जाळं विणत बसल्या होत्या. दामलेने शहाण्यासारखं विचारलं, "मावशी, यात माणूस झोपेल का?"

आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमच्या जाल्यात मावरं झोपतं, बाबा. नि एकदा झोपलं का उठत नाय!"

परब माझ्याकडे बघेना, दामले समुद्राकडे बघायला लागला. आजींना काय झालं ते कळेना. मग मीच हसलो. खरंच हसू आलं होतं.

दामलेने तरीही जाळ्यात पाच मिनिटं पडून बघितलं. बारीक नायलॉन. परतीच्या बोटीत शर्ट वर करून पाठ दाखवली. पाठभर शंकरपाळ्या!

*

शेवटी आली ती जाड सुती कापडाची, निळी. परबने तिची टेस्ट घेतली. कारखान्याचा नियम आहे म्हणे, भार दीडपट. मी बहात्तर किलोचा, म्हणजे एकशेआठ. पाण्याचे चार मोठे कॅन, तांदळाचं पोतं, माझे शब्दकोशाचे सगळे खंड. परब वहीत लिहीत होता आणि प्रत्येक वस्तूनंतर कान लावून शिवण ऐकत होता. अडीच किलो कमी पडले, तेव्हा खाली जाऊन घरातला वरवंटा घेऊन आला.

तासाभराने झोळी पास झाली. सगळं बाहेर काढलं. परब वरवंटा उचलणार, तोच वहिनी ओरडल्या, "राहू दे तो!"

"का गं?"

"रिकामा पाळणा हलू देत नाहीत. वारा आहे बाल्कनीत. कुणी झोपेपर्यंत वरवंटा आत राहील."

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे कुणी वाद घातला नाही. वहिनींनी वरवंट्याला स्वच्छ टॉवेल गुंडाळला, झोळीत निजवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, आता तुम्ही."

मी म्हटलं, "उद्या."

*

तो उद्या अकरा दिवस चालला. ऑफिसातून यायचो, बाल्कनीचं दार उघडायचो, वरवंटा वाऱ्यावर डोलत असायचा. मी दार लावून सोफ्यावर जायचो.

इकडे परबच्या घरी चटणी मिक्सरमध्ये व्हायला लागली. वहिनींना ती पसंत नव्हती, म्हणून त्या तीन वेळा पाटा घेऊन माझ्याकडे आल्या, वरवंटा उचलला, त्याच्या जागी नारळ ठेवला, चटणी वाटली आणि वरवंटा धुऊन, पुसून परत निजवला!

इस्त्रीवाल्याने विचारलं, "साहब, घर में बच्चा हुआ क्या?"

सोसायटीचे सेक्रेटरी गालाभाई खालून बघून गेले. त्यांची तक्रार वेगळी. "विनायकभाई, रोडवरून दिसते ना! बिल्डिंगचा एलिव्हेशन खराब होते. पोता टांगल्यासारखा वाटते. नोटीस काढायला लागेल हां मला."

बाराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, परब वर आला. हातात सुतळीचा गुंडा होता. चेहरा कारखान्यातला.

"विन्या, मिक्सरची चटणी खाऊन माझी वाट लागलीय. एक तर तू झोप, नाय तर माझो वरवंटो परत दी."

"परब, मला झोप येणार नाही."

"तुका कोणी विचारलानी? पडून तर रव."

परबच्या मागून दामले म्हणाला, "तिरका झोप. डोकं डावीकडे, पाय उजवीकडे. शीटमध्ये आहे."

मी वरवंटा उचलून परबच्या हातात दिला आणि आत शिरलो. तिरका झालो. कापड दोन्ही बाजूंनी वर आलं. डोक्यावर नीलाची कडी दिसत होती. परबने झोळीला सुतळी बांधली, दिवाणखान्यात स्टूल टाकून बसला आणि बाळाला हलवावं तशी ओढायला लागला.

"परब, हे अती होतंय."

"गप. टेस्ट चालू आसा."

तेव्हा दोन वाजले होते.

डोळे उघडले तेव्हा ऊन समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर गेलं होतं. आतल्या घड्याळात सव्वापाच. सुतळी हळूहळू ओढली जात होती, सैल होत होती, परत ओढली जात होती.

"परब," मी म्हटलं, "पुरे आता, हात दुखेल."

मान वर करून बघितलं. स्टुलावर गालाभाई बसले होते. चपला काढून शेजारी ठेवलेल्या. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात सुतळी.

त्यांनी नोटीस ओठांवर धरली.

"शूऽऽ! झोपा, झोपा. परबभाई चहा प्यायला गेलेत."