संभावित विधुर आणि हडपसरचे गेनबा

बुधवार पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात, वर्तमानपत्रांच्या विभागात विजयमालाबाईंची एकतीस वर्षं गेली. त्यातली तीस एका शब्दापायी.

नोकरीला वर्ष झालं असेल-नसेल, तेव्हा १९५१ सालच्या एका साप्ताहिकात त्यांना जाहिरात दिसली: ‘संभावित विधुरास वधू पाहिजे.’ बायको अजून जिवंत, आणि हा आत्ताच जाहिराती देत सुटलाय! त्या मोठ्यांदा हसल्या. ग्रंथपाल गोपाळकृष्णपंतांनी चष्म्यावरून पाहिलं. "हसण्याआधी वाचत जा. संभावित म्हणजे अब्रूदार."

तेव्हापासून हा शब्द जिथे दिसेल तिथलं वाक्य त्या ग्रंथसूचीच्या रद्द झालेल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेत. दोनशे बारा कार्डं झाली. कशाला, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

एका गुरुवारी हडपसरहून संपत आला. पिशवीतून त्यानं एक पिवळं कात्रण जपून काढलं.

"बाई, हे आमचे आजोबा, गेनबा. शाळेला जागा त्यांनीच दिली. नव्या हॉलला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, तर कुणीतरी हे शोधून काढलं. आता कमिटी म्हणतीय, चोराचं नाव नको. रविवारी मीटिंग हाय."

कात्रण १९५६ चं. ‘इंजिनचोरीप्रकरणी हडपसरचे संभावित शेतकरी गेनबा धोंडिबा यांस फौजदारांनी बोलावून...’ पुढचं फाटलेलं.

"संभावित!" बाईंचे डोळे लकाकले.

"तेच तर! टीव्हीवर म्हणतात ना, संभावित उमेदवार, संभावित आरोपी."

बाईंनी त्याला विधुराचं कार्ड दाखवलं, अर्थ सांगितला. संपतचा चेहरा खुलला. पण बाई तिथेच थांबल्या नाहीत. "हाच शब्द टोमणा म्हणूनही वापरत. संभावित चोर, म्हणजे वरून सज्जन, आतून लबाड. या वर्तमानपत्राची सवय काय होती, ते पाहायला हवं."

"म्हणजे अजून नक्की नाही?"

"बसा. आणि पानं ओली बोटं लावून उलटू नका."

दोघांनी त्या वर्षाचे बांधीव गठ्ठे उघडले. संभावित भाडेकरू. संभावित घराणे. संभावित वकील. सात ठिकाणी अवतरणचिन्हं होती: ‘संभावित’ भामटा, ‘संभावित’ पुढारी. टोमणा मारायचा असला की संपादक चिन्हं घालायला विसरत नसे. गेनबांच्या शब्दाला चिन्हं नव्हती.

दुपार कलताना तो अंकच हाती आला. फाटलेली ओळ तिथे शाबूत होती: ‘...बोलावून त्यांच्या समक्ष पंचनामा केला. संशयित इसम फरारी आहे.’

संपतनं ती एकदा मनात वाचली, मग मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी "शूः" केलं.

"म्हणजे पंच होते!" तो हलक्या आवाजात म्हणाला. "बाई, याची झेरॉक्स द्या. आणि हॉलच्या बोर्डावर मी हाच शब्द घालणार. संभावित शेतकरी कै. गेनबा."

"नका घालू. पुढची पन्नास वर्षं लोक विचारतील, अजून नक्की झालं नाही का?"

"विचारू देत की. एकेकाला तुमच्याकडं धाडतो."

बाईंनी दोनशे तेरावं कार्ड पुढे ओढलं आणि तारीख घातली.

"मग लवकर धाडा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मी मार्चपर्यंतच आहे."