इनेझबाईंचा पेटीवरचा फोटो

वसईजवळच्या निर्मळचे रुडॉल्फ मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि घरच्यांच्या डोक्याला ताप झाला. निमित्त त्यांच्या आईचं. नव्वदीच्या इनेझबाई शेजारच्या रोझमेरीच्या मयताला गेल्या आणि घरी येऊन कडाडल्या, "मयताच्या पेटीवर लग्नातला फोटो कापून ठेवला मेल्यांनी! तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच! माझा फोटो आत्ताच काढ. मी बघणार, पसंत करणार, मगच मरणार."

मास्तरांनी फोटो काढला. काळा-पांढरा, सुरेख. वसईच्या स्टुडिओत दिला असता तर दहा मिनिटांत हातात आला असता. पण दुसऱ्याच्या हातात काम देतील तर ते मास्तर कसले?

पहिला प्रिंटर आला. तो साधे रंग मिसळून करडा बनवायचा, त्यामुळे आई हिरवट यायची. "या सासूबाई की अळूचं पान?" मास्तरांची बायको ॲंजेला म्हणाली. मग आला मोठा प्रिंटर आणि खास काळ्या-करड्या शाया. चकचकीत कागदावर काळा छान उठायचा, पण ट्यूबलाइट थेट आईच्या कपाळावर चमकायची. बिनचमकीचा कागद घेतला, तर काळ्याची पार राख झाली. सुती कागद मागवला, तो इथल्या दमट हवेत पापडासारखा वळला. मास्तरांनी त्याच्यासाठी कपाटात बल्ब लावला. आई बिचारी बाहेर घामाघूम.

कागद महाग, म्हणून मास्तरांचा नियम: अख्खा फोटो एकदाच, शेवटी. तोवर चार बोटं रुंद पट्ट्या. त्याही रोज काढायच्या, नाहीतर शाई सुकून प्रिंटर तुंबतो. दोन वर्षांत घरभर इनेझबाईंचे कान, नाक आणि अर्ध्या हनुवट्या झाल्या.

"झाला का रे?" इनेझबाई रोज विचारत.

"आय, सावलीत जरा गडबड आहे."

"सावली घाल चुलीत! तोंड दाखव माझं!"

"या चर्चच्या फेस्ताला नक्की."

फेस्त आलं, गेलं. ॲंजेला संतापली, "अहो, त्या माउलीला एकदा तरी अख्खी बघू द्या स्वतःला!" मास्तर नुसते हसले. बायकांना शाईतलं काय कळतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटे.

मग इनेझबाईंनी विचारणंच सोडलं. मास्तरांना बरं वाटलं, कामात लक्ष लागू लागलं. हल्ली आई कप चाचपडत उचलते, चहा सांडते, हेही त्यांनी पाहिलं. डाग पडायला नको म्हणून त्यांनी सगळ्या पट्ट्या उचलून वरच्या फळीवर ठेवल्या.

अखेर गेल्या मंगळवारी जमलं. अख्खा कागद, अख्खी आई! सावलीतली सुरकुती न् सुरकुती उतरली होती. मास्तरांनी धावत जाऊन फोटो आईच्या हातात दिला. "आय, बघ!"

इनेझबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, खिडकीच्या उजेडात धरला. शेवटी मांडीवर ठेवला.

"नाताळापासून काही दिसत नाही रे बाबा. तू कामात होतास, म्हणून बोलले नाही."

इनेझबाई फोटोवरून बोटं फिरवत राहिल्या. लेकाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, "कागद चांगला आहे हां."