आईचं दूध, आईची सही

“सिस्टर, दूध आटवायची गोळी द्या अन् सुट्टी करा आमची,” एका पेशंटच्या सासूबाई माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या.

त्यांची सून सविता, बीबी गावची. दिवस भरायच्या बरंच आधी बाळंत झाली. बाळ काही दिवस आमच्या काचेच्या पेटीत झुंजलं आणि आदल्या दिवशी गेलं. पुरुषांनी नेऊन पुरलंही. पण बाळ गेलं हे शरीराला कोण सांगणार? सविताची छाती दगडासारखी झाली होती. पलीकडच्या वॉर्डात एखादं बाळ रडलं की तिचं पोलकं ओलं व्हायचं.

मी जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नवजात विभागाची इन्चार्ज आहे. आमच्याकडे मिल्क बँक आहे. ज्या आयांना जास्त दूध येतं त्या देतात. आधी त्यांचं रक्त तपासतो. मग दूध मशीनमध्ये ठरावीक तापमानाला गरम करून जंतू मारतो, पुन्हा तपासतो आणि फ्रीजरमध्ये ठेवतो. त्या आठवड्यात फ्रीजर जवळजवळ रिकामा होता. आणि पेटीत एक किलोभराची मुलगी होती. तिच्या आईला झटके आलेले, आयसीयूत बेशुद्ध. एवढ्याशा बाळाला पावडरचं दूध दिलं तर आतडी सुजून जिवावर बेतू शकतं. शिल्लक साठा तिला जेमतेम दोन-तीन दिवस पुरला असता.

मी काही बोलायच्या आत सवितानंच विचारलं, “सिस्टर, कोनाचं लेकरू रडून राह्यलं ते?”

“आहे एक मुलगी. आई आजारी आहे तिची.”

“मंग माहं दूध चालते काय त्या लेकराले?”

मी नियम सांगितला. दूध चालतं, पण कोणत्या बाळाला गेलं ते कळणार नाही. ती हो म्हणाली. सासूबाई उसळल्या.

“मेल्या लेकराचं दूध जित्या लेकराले? पाप लागते बाई! आमच्यात ते पुरल्या जागी मातीवर सोडतात. अन् कोन्या जातीच्या लेकराले जाईन, काय माहीत!”

“भुकेल्या जातीच्या,” सविता म्हणाली. “मातीले लेकरू देलं मी. दूध नाही देत.”

सविताचा नवरा दारातच उभा होता. सासूबाई तडक आमच्या विभागप्रमुख डॉक्टर सरांच्या केबिनमध्ये. पाच मिनिटांत मला बोलावणं.

“सिस्टर, घरचे नाही म्हणतायत. उद्या बोंबाबोंब झाली तर? नवऱ्याची सही आणा, नाहीतर विषय सोडा.”

“सर, संमती आईची लागते. दूध नवऱ्याला येत नाही.”

“तोंड सांभाळून बोला.”

“बोलते. तिनं सही केली आहे. ब्लड लॅबला गेलंय.”

मला राग आला होता, खरं सांगते. सगळे तिच्याकडे अशुभ म्हणून बघत होते आणि त्या क्षणी अख्ख्या वॉर्डात देण्यासारखं काही फक्त तिच्याकडे होतं.

रिपोर्ट क्लिअर आले. सविता पंप घेऊन बसली, भिंतीकडे तोंड करून. डोळ्यांतून धार, हाताखाली बाटली भरतेय. मी म्हटलं, “थांबायचं का बाई?” ती म्हणाली, “रडू येऊन राह्यलं तर येऊ द्या. हात चालू हाये ना?” बाटली माझ्या हातात देताना म्हणाली, “आज मले माय झाल्यासारखं वाटलं.”

सासूबाई पिशवी उचलून एकट्याच गावी गेल्या. सुट्टी झाली तेव्हा नवऱ्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. “सिस्टर, दुधाचा डबा तुमी देसान, पन बर्फ कुठं भेटंन?” पुढचा महिनाभर सविता घरी दूध काढायची आणि तोच एसटीनं बर्फातला डबा आणून देत होता.

ती मुलगी वाढली, आईच्या मांडीवर घरी गेली. सासूबाई अजून पापच म्हणतात. सरांनी मीटिंगमध्ये मिल्क बँकेचं कौतुक स्वतःच्या नावावर घेतलं. घेऊ देत.

दुःखातल्या बाईला आपण चहा देतो, गोळी देतो, सल्ले तर फुकटच. तिच्याकडे काही मागावं, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. सवितापासून मी मागते. घरच्यांना राग आला तर येऊ दे.