सुमनच्या बारशाला मी गिळलेला रिपोर्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती जाईपर्यंत नाही. दरवेळी वाटायचं, आता सांगून काय उपयोग? पण उपयोग होईल म्हणूनच सांगायचं असतं का?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी परतूरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो, राहायला आष्टीत. आमच्या शेजारच्या आबांची लेक गया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. कावीळ उतरेना, पोर दिवसभर झोपून. डॉक्टरांनी रक्त औरंगाबादला पाठवलं. बाराव्या दिवशी रिपोर्ट आला — थायरॉइड फारच कमी. डॉक्टर म्हणाले, "आजच सांग त्यांना. उद्या बाळाला आणू दे, गोळी सुरू करू. उशीर झाला तर बुद्धी जाईल, कानही जातील."

रिपोर्ट खिशात घालून मी थेट आबांकडे गेलो. बारसं चाललं होतं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं — सुमन. कुणीतरी ओरडलं, "जोरात कर गं! पोरगी आत्यावर रुसली काय?" सगळ्या हसल्या, आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के बसले. एवढ्या गलक्यात पोर हलली नाही. गयाची आई कौतुकानं म्हणाली, "लय गुणाची हाये. रडतच न्हाई."

आबांनी विचारलं, "काय निघालं मंग रक्तात?"

गयाचे सासू-सासरे समोर बसले होते. पाळण्यापुढं वाईट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी म्हणालो, "बराबर हाये सगळं." उद्या आबांना बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं — आणि घुगऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "सांगितलंस?" मी हो म्हणालो. का म्हणालो? बोलणी बसली असती म्हणून. फक्त बोलणी! मग आबांकडे जायचं, तर दोन्हीकडचं खोटं कबूल करावं लागणार. एक दिवस गेला, आठवडा गेला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालो, ते जालन्याला दाखवतात. रिपोर्ट मी चुलीत घातला. गया घनसावंगीला सासरी गेली.

दीड वर्षाची झाली तरी सुमन नीट बसेना, हाकेला वळेना. तेव्हा कुठं जालन्याच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पोर उशिरा चालू लागली. ऐकू मात्र आलं नाही. गोळी वेळेवर मिळाली असती तर कान वाचलेच असते का? नक्की कुणी सांगत नाही. त्या शंकेच्या आड मी कितीतरी वर्षं लपलो.

सासरच्यांनी कारण शोधून ठेवलं होतं — पोटुशी असताना गयानं ग्रहण पाळलं नाही. ती शपथा घ्यायची, पाळलं होतं म्हणून. हे माझ्या कानावर येत होतं.

सुमन दहा-अकरा वर्षांची असेल तेव्हा दोघी मायलेकी मला घनसावंगीच्या स्टँडवर भेटल्या. गयानं आग्रहानं चहा पाजला. सुमन माझ्याकडं बघून हसत होती. गया म्हणाली, "काका, तुम्ही दवाखान्यातले. खरं सांगा, ग्रहणानं असं होतं का वो?"

'तुझी काही चूक न्हाई, बाई. माझी हाये. मला माफ कर' — एवढं ओठांवर आलं होतं.

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "माझी बस लागली वाटतं."