कॉफीच्या ड्रमाचं हँडल

तीस वर्षं चिकलठाण्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: मशीन खोलायच्या आधी सप्लाय बघ. आधी टेस्टर, मग पाना. कुणी चुकलं की मी त्याला सगळ्यांदेखत झापायचो. त्याच माणसानं स्वतःच्या घरात काय दिवे लावले, ते सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

आमची सून चिकमगळूरकडची. तिच्या वडलांचा कॉफीचा लहानसा मळा. ते गेल्यावर भावांनी विचारलं, तुला काय पाहिजे? तर हिनं दोनच गोष्टी मागितल्या. वडील घरापुरती कॉफी ज्यात भाजायचे, तो हातानं फिरवायचा पत्र्याचा ड्रम, आणि त्यांनी शेवटी स्वतः तोडून वाळवलेल्या बियांची एक पिशवी. किलोभर असेल. वर्षश्राद्ध उरकलं की तिची आई आमच्याकडं राहायला येणार होती. आईला त्याच बियांची, वडील भाजायचे तशी कॉफी पाजायची, एवढंच तिच्या मनात. पिशवी संपली की संपली. झाडं तिथंच आहेत, पण तोडणारा हात गेला.

ड्रम बघितला अन् माझे हात शिवशिवायला लागले. शेगडीवर ठेवायचा, एका बाजूला हँडल, हँडलला लाकडी मूठ. म्हटलं, "पोरी, किती वेळ फिरवत बसशील? मोटर बसवून देतो, खाली कॉइल. बटन दाबायचं अन् खुर्चीत बसायचं. एक दाणा वाया जायचा नाय."

ती म्हणाली, "मामा, असाच राहू द्या ना."

सासऱ्याला मामा म्हणायचं ती इथं येऊन शिकली, पण सासऱ्याला ठामपणे नको म्हणायला काही शिकली नव्हती. आणि ऐकतो कोण! दोन दिवसांत काम फत्ते. हँडल काढून मी भंगाराच्या टोपलीत टाकलं.

ते दुष्काळाचं साल. धरण तळाला गेलेलं, नळाला आठव्या दिवशी पाणी. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत मी घर बांधलं तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते. आता चार-चार मजले उठलेत, आणि ज्याची त्याची पाणी खेचायची मोटर. पाण्याच्या दिवशी वर-खाली करायला माणूस लागतंच. पोरगा बिडकीनला पहिल्या शिफ्टला, बायकोचे गुडघे धरलेले, म्हणून शाळेत शिकवणारी सून रजा काढायची. घरी आहेच तर आई यायच्या आधी कॉफी भाजून बघायचा दिवसही तोच. मी आपला गच्चीवर टाकीपाशी पाइप धरून उभा.

पहिला घाणा बिघडला. बिया नुसत्याच तपकिरी झाल्या. ती म्हणाली, बी फुटताना लाहीसारखा आवाज यायला पाहिजे, तो आलाच नाही. कॉफी केली तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. दुसऱ्या दिवशी मी सगळं खोललं, कॉइल तपासली, बेल्ट ताणला, तेल दिलं. बियांची नासाडी नको म्हणून शेंगदाणे टाकून चालवलं. काय खमंग भाजले! बायकोनं चटणी केली.

आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा पुठ्ठा. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोललं, पुन्हा शेंगदाणे, पुन्हा चटणी.

सून म्हणाली, "मामा, ते मधेच मंद होतं."

मी भडकलोच. "मशीनला काय बी झालेलं नाय! नाचता येईना अंगण वाकडं!"

ती उठून आत गेली. त्या दिवशी जेवली नाही. बायको म्हणाली, "अहो, बाप गेलाय तिचा. जिभेला काही हाड?" मी म्हटलं, मी मशीनचं बोलतोय, बापाचं कुठं बोलतोय?

तिसऱ्या खेपेला मी पाइप टाकीच्या तोंडाला बांधला आणि खाली येऊन तिच्याशेजारी बसलो. खरं सांगतो, तिची चूक रंगेहाथ पकडायला बसलो होतो. ड्रम झकास फिरत होता. तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "पानी आया, पानी!" एकेका घरची मोटर घुर्र करत सुरू झाली. आमचीही बायकोनं लावली. डोक्यावरचा पंखा मंदावला, ड्रम रखडला, कॉइलची लाली उतरली. मीटर लावायची गरजच नव्हती. सगळी गल्ली एकदम मोटारी लावणार, तर व्होल्टेज उरणार कुठून? आणि मी दीडशहाणा शेंगदाणे भाजायचो दुसऱ्या दिवशी, सगळ्या मोटारी बंद असताना.

बटन बंद केलं. तिसरा घाणाही गेला. पिशवीत आता एकाच घाण्यापुरत्या बिया होत्या.

"सप्लाय," मी म्हणालो. "तुझं काही चुकलं नाय, पोरी. माझंच चुकलं. उरलेल्या उद्या भाज, उद्या व्होल्टेज असतंय. एक नंबर भाजतील."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "मामा, मला मशीननं भाजायच्याच नव्हत्या. हातानं भाजायच्या होत्या."

मी उठून टोपलीकडं गेलो. टोपली रिकामी. महिन्यामागं मीच भंगारवाल्याला बोलावून सगळं देऊन टाकलं होतं. माझा बाप मेंढरं राखायचा. लोकर कातरायची त्याची कातर मी अजून खिळ्याला टांगून ठेवलीय, घरात कुणाला हात लावू देत नाही. आणि दुसऱ्याच्या बापाचं हँडल मी भंगारात घातलं होतं!

तोंड वर करायची सोय नव्हती. वळलो तर ती समोर उभी, हातात उपरण्याची गुंडाळी. त्यात हँडल. ज्या दिवशी मी टाकलं, त्याच संध्याकाळी तिनं टोपलीतून काढून कपाटात ठेवलं होतं. इतके दिवस बोलली नाही.

मी मोटर उतरवली, हँडल बसवलं, ड्रम गॅसवर चढवला. ती फिरवायला लागली. कितीतरी वेळ नुसता खरखर आवाज. मग एक बी तडकलं. मग दुसरं, आणि मग तडतड तडतड सुरू झाली. ती रडत होती अन् हसत होती. हात भरून आला तशी म्हणाली, "मामा, धरा जरा."

मूठ धरली. घासून घासून ती एका जागी खोलगट झाली होती, माझा अंगठा नेमका तिथं बसला. मी चटकन हात काढून घेतला.

बाहेरून बायको बोंबलत होती, "अहो, वर पाइप सुटला! पाणी चाललंय वाया!"

मी जिन्याकडं निघालो, तर सुनेनं माझा हात धरून परत मुठीवर ठेवला.

"जाऊ द्या पाणी," ती म्हणाली. "फिरवत राहा, मामा. थांबलं तर करपेल."