घासलेला इंजिन नंबर

ती केस आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो.

फिर्यादी एका दिवंगत उद्योजकाचा मुलगा. वडिलांनी जन्मभर जपलेली जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार तो विकायला निघाला होता. पत्र्याऐवजी फायबरची बॉडी, आठ सिलिंडरचं इंजिन आणि मागच्या दोन्ही चाकांना मिळून स्प्रिंगचा एकच आडवा पाटा. साठ वर्षांपूर्वी तिकडच्या इंजिनिअरांनी हे करून ठेवलं होतं, यावर माझा आधी विश्वासच बसेना. मुंबईहून गिऱ्हाईक आलं, त्याने बॉनेट उघडलं आणि सौदा मोडला. इंजिनवर नंबर नव्हता. अशा गाडीची किंमत मूळ इंजिनावर ठरते. ते बदललेलं निघालं तर निम्मीही येत नाही. मूळ इंजिन काढून विकल्याचा मुलाचा संशय अंबड एमआयडीसीतल्या मिस्त्रीवर होता. ओझरच्या विमान कारखान्यात मशीन शॉपला आयुष्य काढून त्याने निवृत्तीनंतर छोटी शेड टाकली होती. ही गाडी तो एकटाच सांभाळायचा.

वाहनचोरीच्या तपासात माझा हात बसलेला होता. नंबर घासलेला दिसला की माल चोरीचा, हे डोक्यात पक्कं. त्यात खबऱ्याने सांगितलं, की मिस्त्रीने मध्यंतरी भंगारवाल्याला एक मोठं इंजिन विकलंय. मग मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. गुन्हा दाखल करून त्याला ठाण्यात बोलावलं.

तो बाकावर ताठ बसला होता. मी नंबराचं विचारताच म्हणाला, "माझ्याच हातनं गेला साहेब. ब्लॉक वाकला व्हता, म्हणून..."

"मूळ इंजिन कुणाला विकलंस, तेवढं बोल," मी म्हणालो.

तीनदा त्याने ब्लॉकपासून सुरुवात केली आणि तीनदा मी त्याला तोडलं. शेवटी तो गप्प झाला. गप्प बसणारा आरोपी आतून खचलेला असतो, असं मी नव्या फौजदारांना शिकवत असे. मी त्याला अटक केली आणि कोर्टाने दोन दिवसांची कोठडी दिली. दुसऱ्या दिवशी त्याला शेडवर पंचनाम्याला नेलं. आजूबाजूच्या गाळ्यांतले कामगार हातातलं काम टाकून बाहेर आले. ज्यांना त्याने लेथ मशीन चालवायला शिकवलं होतं, ती पोरंही त्यात होती. दोन शिपायांनी त्याचे दंड धरले होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अभिप्रायासाठी पुण्याहून इंजिनांचे एक जाणकार आले. पंचांसमोर त्यांनी बॅटरी आणि आरसा घेऊन इंजिनची मागची बाजू पाहिली. तिथे ओतीव आकडे होते. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, ओतल्याची तारीख त्यात होती, आणि गाडी तयार झाली ती त्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणजे इंजिन मूळचंच होतं. ठोकलेला नंबर पुढच्या बाजूला, इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, बसतं त्याच सपाटीवर असतो. गरम होऊन वाकलेला ब्लॉक मशीनवर घासून सपाट करताना तो जातो. मिस्त्री मला हेच सांगत होता.

मग मी मुलाकडून वडिलांचे कागद मागवले, जे पहिल्याच दिवशी मागवायला हवे होते. फायलीत वडिलांनी मिस्त्रीला लिहिलेल्या चिठ्ठीची प्रत होती: 'नंबर गेला तरी हरकत नाही. मला गाडी विकायची नाही, चालवायची आहे.' भंगारात गेलेलं इंजिन जुन्या जीपचं निघालं. मिस्त्रीला सोडलं आणि कोर्टात क समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. कागदोपत्री विषय संपला. चिठ्ठीच्या आणि अभिप्रायाच्या जोरावर गाडीही चांगल्या किमतीला गेली.

मिस्त्रीच्या शेडवर मात्र नंतर कुणी गाडी लावली नाही. पोलिसांनी नेलेला माणूस, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. सहा महिन्यांत त्याने शेड सोडली.

निवृत्तीनंतर मी त्याच्या घरी गेलो. त्याने खुर्ची दिली, त्याच्या बायकोने चहा आणला. मी माफी मागितली. त्याने कप खाली ठेवला.

"चूक व्हते माणसाकडनं," तो म्हणाला. "पण लोकांनी इचारलं, ठाण्यात तू खरं का नाय सांगितलं? त्याला म्या काय उत्तर देऊ, साहेब?"

पस्तीस वर्षं मी लोकांना बोलतं करण्याचा पगार घेतला. त्या दिवशी समोरचा माणूस आपणहून खरं बोलत होता आणि त्याला गप्प मी केलं.